भोंग्यातले बाबा

माणूस निघून जातो, त्याचा आवाज मात्र मागे राहतो, असं ललित तेलगोटे यांचं ठाम मत होतं आणि निवृत्तीच्या निरोप समारंभात त्यांनी ते माइकवरून मांडलंही होतं. अमरावतीच्या स्टँडवर काचेच्या खोलीत बसून त्यांनी आयुष्यभर गाड्या पुकारल्या होत्या. 'प्रवाशांनी लक्ष द्यावे' एवढे तीन शब्द त्यांच्याइतक्या वेळा या जिल्ह्यात कुणीही उच्चारले नसतील, आणि प्रवाशांनी लक्ष दिलं नाही तरी आवाज कानात गेलाच असणार, हा त्यांचा हिशेब. मत मांडून झालं, टाळ्या पडल्या, शाल अंगावर आली, आणि पुढच्या आठवड्यापासून एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज त्याच गाड्या पुकारायला लागला. महिनाभराने ते पेन्शनच्या कामासाठी तिकडे गेले तेव्हा रसवंतीवाल्या वामनरावांनी हाक मारली. "साहेब, दिसलेच नाही लय दिवसांत. सुट्टीवर होते का?" ललितरावांनी हसून सांगितलं, रिटायर झालो. वामनराव क्षणभर गोंधळले आणि वरच्या भोंग्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मंग? रोज तर बोलून राहिले तुमी."

हे त्यांनी मनाला लावून घेतलं नव्हतं. रसवंतीच्या चरकाशेजारी उभं राहून माणसाच्या कानाचं काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. मनाला लागलं ते नंतर, घरात, एका रविवारी सकाळी. ज्योत्स्नाबाई कणीक मळत होत्या, हात भरलेले होते, म्हणून मुलीचा आलेला आवाजी मेसेज ललितरावांनी लावून त्यांच्या कानाशी धरला. माधवी अकोल्याहून, सासरहून बोलत होती. "आई, काही नाही, सहज केला. वरण-भात लावला आहे. स्वप्निल वरूडला गेला बँकेच्या कामाने, रात्री येईल. गोळ्या घेतल्या मी. ठेवते." ज्योत्स्नाबाईंचा हात 'काही नाही' या शब्दांपाशीच थांबला होता. "रडली हे पोरगी," त्या म्हणाल्या. ललितराव म्हणाले, "कुठं रडली? वरण-भात म्हणून राहिली ते." "रडून, तोंड धुवून मंग बोलली," असं म्हणत ज्योत्स्नाबाईंनी कणकेच्या हातांनीच फोन घेतला आणि त्या गॅलरीत गेल्या. माधवीला पाचवा महिना होता. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी होती आणि मागच्या वेळच्या आठवणीने मुलीचं अवसान गळालं होतं. अर्धा तास बोलणं चाललं. ललितराव परातीपाशी उभे राहिले. कणकेवर चार बोटं उमटलेली होती आणि ती हळूहळू भरून येत होती.

नंतर ज्योत्स्नाबाई आंघोळीला गेल्यावर त्यांनी तो मेसेज पुन्हा लावला, मग परत एकदा. त्यांना सगळं ऐकू आलं. माधवीच्या घरच्या पंख्याची बेअरिंग गेली आहे हे ऐकू आलं. खालून गेलेली ऑटो सीएनजीवर नव्हती, डिझेलवर होती. शेजारच्या घरात कुकरची शिटी अर्धवट होऊन बसली. शब्द तर स्वच्छच होते, भोंग्यावरून पुकारावे इतके. रडणं काही ऐकू आलं नाही. ज्या माणसाला गाडी वळणावर दिसायच्या आधी गिअर बदलण्यावरून कळायचं की ही परतवाड्याची, तिचा ड्रायव्हर देवमन, आणि तो आज घरून भांडून आला आहे, त्या माणसाला आपल्या एकुलत्या एका मुलीच्या आवाजात वरण-भाताखेरीज काहीही सापडलं नाही. कान शाबूत होते. मागच्याच वर्षी तपासले होते, डॉक्टर म्हणाले होते, तिशीतल्या माणसाचे आहेत. तेव्हा त्यांना बरं वाटलं होतं. आता वाटलं, तिशीतलेच असणार. तिशीनंतर त्यांच्यात नवीन काही गेलंच नसेल.

माधवी जन्मली तेव्हा ते तीस वर्षांचे होते आणि काचेच्या खोलीत नवेच. भाड्याच्या दोन खोल्या स्टँडच्या मागच्या भिंतीला लागून होत्या. मागच्या शेडमध्ये टेकलेल्या ड्रायव्हर-कंडक्टरांना ऐकू जावं म्हणून एक भोंगा मुद्दाम तिकडे तोंड करून लावलेला होता. त्या शेडच्या आणि भोंग्याच्या रेषेत यांची खिडकी, आणि खिडकीखाली पाळणा. सकाळी माधवीचे डोळे उघडायच्या आत ते कामावर जायचे आणि ती झोपल्यावर घशाला कोरड घेऊन परत यायचे. मधला सगळा दिवस मात्र त्यांचा आवाज पाळण्यात पडत असायचा. धारणी, वरूड, परतवाडा, मोर्शी. तीन-चार महिन्यांची असताना ती दूध पिता पिता थांबायची, हनुवटी वर करायची, खिडकीकडे बघून हसायची. ज्योत्स्ना सांगायची, "बाबा बोलून राहिले तुहे." हे ऐकून ललितराव काचेच्या खोलीत हवेत असायचे. धारणीची गाडी ते जरा जास्तच लडिवाळपणे पुकारायला लागले होते; एका कंडक्टरने तर विचारलं, तब्येत बरी आहे ना.

मग साप्ताहिक सुट्टी यायची. खाकी न चढवता, हात धुवून ते पाळण्यावर वाकायचे आणि आपल्या साध्या, घरच्या आवाजात म्हणायचे, "माधू." पोरगी टक लावून बघायची. खालचा ओठ हळूहळू बाहेर यायचा. आणि मग असा काही टाहो फोडायची की शेडमधली माणसं उठून बसायची. तिच्या लेखी हा एक मिशीवाला परका माणूस होता. बाबा खिडकीत राहायचे, पत्र्याचे होते, त्यांचा आवाज मोठा आणि घुमणारा होता आणि त्यांना तोंड नव्हतं. एकदा हौसेने म्हणा किंवा अगतिकपणे, ललितरावांनी दोन्ही हात तोंडाशी धरून पुकारलं, "प्रवाशांनी लक्ष द्यावे!" माधवीचं रडणं थांबलं. तिने मान वळवली आणि ती खिडकीकडे बघून हसली. त्यांच्या सासूबाई केशरबाई बाळंतपणासाठी अकोल्याहून येऊन राहिल्या होत्या. त्या पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या. ज्योत्स्ना हसली. ललितरावही हसले, कारण घरात सगळे हसत असताना एकट्याने न हसणं बरं दिसत नाही.

मग हुकूम निघाला तो केशरबाईंचाच. "जवाईबापू, तुमी जरा चूप राहत जा बापा घरात. लेकरू आत्ताच झोपलं. तुमी बोलले का ते दचकते." वाईट हेतू अजिबात नव्हता. बाळंतीण अशक्त होती, झोप महत्त्वाची होती. ललितराव चूप राहायला लागले. भाजीत मीठ कमी असलं तर ते बोटाने सांगायचे. त्याच दिवसांत ज्योत्स्ना मुलीचं रडणं शिकत होती. "हे भुकेचं," ती म्हणायची. "हे झोपेचं. आता पोट दुखून राहिलं." ललितरावांना तिन्ही रडणी एकच ऐकू यायची आणि बायको हे मनाने जुळवते अशी त्यांची खात्री होती. विचारावंसं वाटलं तरी विचारायचं कसं, बोलायची बंदी. आणि शिकायला वेळ तरी कुठे होता. त्या महिन्यांत ते गाड्या शिकत होते. इंजिन ऐकलं की मनाशी नाव घ्यायचं, आणि लगेच गाडी वळणावरून पाटीसकट समोर हजर. बरोबर का चूक, तिथल्या तिथे. सहा महिन्यांत त्यांचा कान तयार झाला. पाळण्याचं पुढे सुटलं, मुलगी धावायला लागली, भोंग्याला विसरलीही. पण चूप राहण्याची मुदत कधी संपली ते त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि आयुष्यभर ज्याने इतरांना सुटण्याच्या वेळा सांगितल्या त्याला ते स्वतःहून सुचलं नाही.

म्हणजे ते अगदी मुके नव्हते. फी भरली का, गॅस आला का, दार लावलं का, एवढं बोलणं व्हायचं. माधवी 'बाबा' म्हणायची, पाया पडायची, बारावीच्या निकालाचे पेढे आधी त्यांनाच द्यायची. घरात अबोला नव्हता. बोलण्याची सवय नव्हती, इतकंच. परवा दुपारी फोनवर कुठल्याशा डॉक्टरीणबाईंचं भाषण त्यांनी ऐकलं. त्या सांगत होत्या की बाळाचा कान पोटातच उघडतो आणि पहिल्या वर्षभरात ते आवाजांची वाटणी करून टाकतं, आपले कोणते आणि परके कोणते. नंतरही शिकता येतं, पण जड जातं. आईबापांचंही तसंच, लेकराचं रडणं ज्याने रोज उचललं त्याचाच कान त्याला सरावतो. ललितरावांनी हे भाषण शेवटपर्यंत ऐकलं. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. माहितीसुद्धा वेळेवर लागली नव्हती.

मागच्या वर्षी जे झालं ते एवढंच होतं. दुपारी घरचा फोन वाजला. ज्योत्स्नाबाई भातकुलीला शिकवायच्या, त्या शाळेत होत्या. ललितरावांनी उचलला. "बाबा, आई आहे का?" "नाई, शाळेत गेली." "बरं." "काही काम होतं का?" "नाही, सहज." "पाचनंतर कर मंग." "हो." त्यानंतर माधवी काही बोलली नाही आणि फोनही ठेवला नाही. ललितरावांना आठवतं की लाइन चालू होती. मागे कुठेतरी चाकांची गाडी फरशीवरून गेली होती, लोखंडी, एक चाक अडकणारं. हेही ऐकू आलं होतं त्यांना. मग बोलणं संपलं असं समजून त्यांनी फोन ठेवला, कारण बोलणं संपलं होतं. माधवी तेव्हा अकोल्याच्या एका दवाखान्यात बाकावर एकटी बसली होती. तिसरा महिना होता, सकाळीच पोटातलं पडलं होतं, आणि स्वप्निल अजून रस्त्यात होता. ज्योत्स्नाबाईंना संध्याकाळी कळलं. अकोल्याला जाताना गाडीत त्यांनी एकदाच विचारलं, "तुमच्यासंगं कशी बोलली ते?" ललितराव म्हणाले, "चांगली बोलली." त्यावर ज्योत्स्नाबाई काही म्हणाल्या नाहीत. तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. म्हणायला पाहिजे होतं. भांडणात एखादा टोमणा मारला असता तर विषय घरात आला असता. तो कुठेच नव्हता, आणि त्यामुळे ललितरावांना तो अंगणात, बाजारात, दाढी करताना, कुठेही भेटायचा. 'पाचनंतर कर.' चौकशीच्या खिडकीवर कुणी अकोला गाडी विचारावी आणि आपण सांगावं, पाचनंतर.

वरण-भाताच्या त्या रविवारनंतर त्यांनी अभ्यास सुरू केला. कुणाला सांगितलं नाही. या वयात काय सांगणार. ज्योत्स्नाबाई शाळेत जाताना जुना फोन घरी ठेवायच्या, त्यात माधवीचे मेसेज साठलेले होते. ललितराव ते लावून अंदाज बांधायचे: ही खुशीत आहे, ही चिडली आहे. पण उत्तर तपासायला ज्योत्स्नाबाई यायला पाहिजेत, आणि त्या यायच्या संध्याकाळी. तोवर मधे भंगारवाला, मिक्सर, शेजारच्या अंकुरची शिकवणी, सगळं कानावरून जायचं. संध्याकाळी विचारलं, "सकाळचा तो, कढीचा, त्यात कशी होती हे?" की ज्योत्स्नाबाई सांगायच्या, "कंटाळली होती." बरं, कंटाळली होती. पण कंटाळ्याचा तो आवाज आता होता कुठे? अभ्यास चोरून चालला होता, त्यामुळे त्यांच्यासमोर मेसेज पुन्हा लावायची सोय नव्हती. उत्तर हातात आणि प्रश्न विरून गेलेला. गाडी आज ऐकायची आणि पाटी उद्या दाखवायची, असलं ते शिकणं होतं. दोन आठवड्यांनी ज्योत्स्नाबाईंना संशय आला. "तुमी काहून विचारून राहिले रोज रोज?" ललितरावांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मले आयकू येत नाई ते. तुले येते तसं."

ज्योत्स्नाबाई शिक्षिकाच. त्यांनी दया दाखवली नाही, शिकवणी घेतली. सुट्टीच्या दिवशी शेजारी बसायचं, मेसेज लावायचा, ललितरावांनी सांगायचं आणि त्यांनी तिथल्या तिथे बरोबर-चूक करायचं. "सांगा." "रागात आहे." "भूक लागली तिले. पुढचा." "हे... दुःखी?" "झोपेतून उठली आत्ता. नीट आयका ना, दुःखी काय!" "एकतीस वर्षांच्या बाईच्या आवाजात भूक कशी आयकू येते?" "तुमाले इंजिनात देवमनचं भांडण कसं आयकू ये?" माधवीला पत्ता नव्हता की तिच्या कढ्या आणि गोळ्या अमरावतीत धडा म्हणून वाजवल्या जात आहेत. हळूहळू काहीतरी हलायला लागलं. दहातले तीन-चार बरोबर यायला लागले. एकदा 'आई अगं' या दोन शब्दांवरून त्यांनी सांगितलं, "खुशीत आहे, काहीतरी सांगाचं आहे," आणि खरोखरच पुढे बाळाने पहिल्यांदा लाथ मारल्याची बातमी होती. ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "शाब्बास." ललितराव उठून गॅलरीत गेले. त्यांना उगाचच कुणाला तरी काहीतरी पुकारून सांगावंसं वाटलं.

आणि गुरुवारी दुपारी घरचा फोन वाजला. "बाबा, आई आहे का?"

त्यांनी ऐकलं. शब्दांच्या खाली काहीतरी होतं, जड, ओलसर. 'का' अर्धा गिळला गेला होता. ती तोंडाने श्वास घेत होती. ललितरावांना आधी आनंद झाला; हे त्यांना पुढे कित्येक दिवस लाजवत राहिलं, पण आधी आनंदच झाला, वळणाअलीकडे गाडी ओळखली की होतो तसा. मग मागच्या वर्षीचा फोन आठवला. "काय झालं?" "काही नाही, सहज." तेच शब्द. "मी येतो," ते म्हणाले. "कुठं?" असं तिकडून येईपर्यंत त्यांनी फोन ठेवला होता. पायात घरच्या चपला होत्या. स्टँडवर अकोल्याची गाडी लागलेली होती आणि बाईचा आवाज ती पुकारत होता. त्यांनी लक्ष दिलं नाही. बडनेऱ्याला त्यांच्या ध्यानात आलं की ज्योत्स्नाला कळवलं नाही. कळवावंसं वाटलंही नाही. एकदा तरी आपण आधी पोचावं, असं त्यांच्या मनात होतं आणि ते चांगलं नाही हेही त्यांना समजत होतं. मूर्तिजापूरच्या अलीकडे खिशात फोन वाजला. माधवी. त्यांनी उचलला नाही. उचलला की ती 'काही नाही' म्हणणार. त्या दोन शब्दांवर ते एकदा विसंबले होते.

खिडकीबाहेर कपाशीची शेतं जात होती आणि ते वाक्य जुळवत होते. दारात काय म्हणायचं? 'घाबरू नको' हे नर्सही म्हणते. 'मी आहे' हे म्हणायला आधी असायला लागतं. वेळ चुकली, हे म्हणावं का? गाडी चुकलेल्या माणसाला ते नेहमी म्हणायचे, पुढची आहे अर्ध्या तासात. एका पाळण्याच्या बाबतीत पुढची नसते हे त्यांना कळून चुकलं होतं. तरी एक गाडी समोर लागलेलीच आहे तर बसून बघावं, असं त्यांचं मन म्हणत होतं. बोरगाव मंजू गेलं. पोटात असलेल्या त्या पोराचा विचार त्यांनी जवळजवळ केलाच नाही. त्यांना फक्त एकतीस वर्षांची ती हवी होती.

दार माधवीनेच उघडलं. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, नाक लाल. "बाबा? तुमी खरंच आले?" मागे भिंतीला टेकून ती उभी होती, एक हात पोटावर. सगळं जागच्या जागी दिसत होतं. ललितरावांचं वाक्य गाडीतच राहिलं. "मले कळलं," ते म्हणाले. "काय कळलं?" "तुह्या आवाजावरून. तुले काहीतरी होऊन राहिलं." माधवीने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या चपलांकडे. तिला हसू आलं आणि हसताना खोकला आला. "सर्दी आहे बाबा. नाक बंद आहे कालपासून. आईले विचाराचं होतं, या दिवसांत ओव्याची धुरी चालते का. मी तर फोन लावून लावून थकली, तुमी उचलूनच नाही राहिले."

ते खुर्चीत बसले. तिने पाणी दिलं. पंखा आवाज करत फिरत होता. ग्लास परत घेताना ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "मागच्या वर्षी मी दवाखान्यातून फोन केला होता ना. तेव्हा मुद्दाम चांगल्या आवाजात बोलली होती मी. तुमी उचलला म्हणून. आईसमोर नसतं जमलं मले." तक्रार नव्हती त्यात. असेल तर ललितरावांना ऐकू आली नाही. "मंग तू ठेवला काहून नाई?" त्यांनी विचारलं. "काय?" "फोन. बोलणं झाल्यावर. लाइन चालू होती." माधवीने ग्लास विसळला, पालथा घातला. "तुमी ठेवाची वाट पाहून राहिली होती," ती म्हणाली. ललितरावांना खूप काही बोलायचं होतं, आणि घशात होतं ते सगळं पुकारायच्या आवाजातलं होतं, घरात बोलायचं नव्हतं. ते म्हणाले, "वाफ घे." ती म्हणाली, "हो, घेते."

पाचनंतर ज्योत्स्नाबाईंचा फोन आला. घराला कुलूप पाहून त्या शेजाऱ्यांकडे चौकशी करून आल्या होत्या. माधवीने फोन स्पीकरवर टाकला आणि म्हणाली, "हॅलो."

"सर्दी झाली का गं तुले?" ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

सर्दीच झाली होती.